चाकाचा आऊट घरी काढताना आधी कान लावा

ब्रेक दाबलेला नाही, तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘खस्’ असा आवाज येतोय. मागून येणारा सांगतोय, ‘तुमचं चाक डुलतंय.’ उतारावर ब्रेक लावला की हँडलला ठरावीक अंतराने ठोके बसतायत. यातलं काहीही होत असेल तर चाक आऊट झालंय, म्हणजे त्याची रिम सरळ फिरत नाही असं समजा. दुकानात नेलं तर मिस्त्री थोड्या वेळात आऊट काढून देतात. पण कोल्हापुरात रोज सायकल चालवणाऱ्याला हे दुखणं वर्षातून एकदा तरी येतंच. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेला खड्डा डबक्यासारखा दिसतो आणि चाक त्यात धाडकन उतरतं. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि उखडलेल्या कडा असतात. म्हणून हे काम स्वतःला यावं असं मला मनापासून वाटतं. एक पाना, थोडं तेल, खडू आणि एक निवांत संध्याकाळ एवढ्यावर ते होतं.

पण पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण मला ती उशिरा समजली. सरळ फिरणारं चाक आणि सारख्या ताणाचं चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ चाक डोळ्यांना दिसतं, ताण कानाला कळतो. नुसत्या डोळ्यांनी सरळ केलेलं चाक चार दिवस टिकतं.

मी पहिल्यांदा आऊट काढला तो मागच्या चाकाचा, ३६ स्पोकच्या, म्हणजे ३६ तारांच्या. रिम डावीकडे आली की उजव्या तारा आवळायच्या, उजवीकडे गेली की डाव्या आवळायच्या, एवढंच मला ठाऊक होतं. दोन संध्याकाळी बसून चाक अगदी सुतात आणलं. पुढच्या रविवारी पन्हाळ्याला निघाले. शिवाजी पूल ओलांडला आणि वडणगे फाट्याच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आपटलं. आवाज झाला आणि चाक वाळत घातलेल्या पापडासारखं वाकडं होऊन, ते ज्यात बसतं त्या चिमट्यात अडकून बसलं. सायकल रिक्षात घालून परत आणली. गंगावेशीजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी चाक हातात घेतलं, दोन-तीन तारा बोटांनी छेडल्या आणि विचारलं, ‘आवळलंस ते दिसतंय, बाळ. पर सोडलंस कुठं?’

कुठेच सोडलं नव्हतं. त्यांनी सगळे निपल, म्हणजे तारेला रिमशी जोडणारे छोटे नट, एकेक फेरा ढिले केले आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पापड झालेली रिम जवळजवळ सरळ झाली. रिम मोडलेली नव्हतीच. मी तिच्यावर इतका ताण चढवला होता की एका धक्क्यात ती शरण गेली. त्या दिवसापासून मी कुठलीही तार आवळताना कुठली सोडायची हे आधी बघते.

चाक उभं कशावर राहतं

सायकलचं चाक बैलगाडीच्या चाकासारखं नसतं. बैलगाडीच्या आऱ्या खांबासारख्या वजन पेलतात. सायकलची तार दोन मिलिमीटरची, उभी धरून दाबली तर लगेच वाकेल. ती काम करते ते ओढून. सगळ्या तारा रिमला आतल्या बाजूला ओढून धरतात आणि त्या ओढीमुळे चाक घट्ट राहतं. आपण सीटवर बसलो की जमिनीला टेकलेल्या भागातल्या चार-पाच तारांची ओढ कमी होते, चाक पुढे गेलं की ती परत भरून येते. हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून, तिरक्या निघणाऱ्या आणि एकमेकींना ओलांडणाऱ्या तारांच्या चाकाचं पेटंट इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये घेतलं. तुमच्या सायकलच्या चाकातली मांडणी आजही मुळात तीच आहे.

आता हिशेब करा. २६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं. कोल्हापूर ते पन्हाळा २० किलोमीटर धरले तर वर पोहोचेपर्यंत प्रत्येक तार साडेनऊ हजारांवर वेळा ढिली होऊन पुन्हा ताणली जाते. तार मुळात घट्ट असेल तर या चढउताराने तिला काही होत नाही. ढिली असेल तर फिरत जमिनीच्या बाजूला येताना तिची ओढ पार संपते, ती हबच्या भोकात हलते, आणि जिथे ती काटकोनात वळलेली असते त्या कोपरावर दर फेऱ्याला वाकते. तारेचा तुकडा हाताने मागेपुढे वाकवून तोडतो ना आपण, तसंच ते. म्हणून तार तुटली की ‘जास्त आवळली होती’ असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा उलटं असतं. ढिल्या तारा तुटतात, त्याही मागच्या चाकाच्या, फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या) बाजूच्या, आणि बहुधा कोपरावरच.

काय काय लागतं

स्पोक पाना. गोल, कडेला वेगवेगळ्या मापांच्या खाचा असलेला साधा पाना हार्डवेअरच्या किंवा सायकलच्या दुकानात मिळतो. निपलच्या चौकोनाला कुठली खाच घट्ट बसते ते आधी बघा. निपलचं माप सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटरच्या दरम्यान असतं आणि दोन शेजारच्या मापांत केसाएवढा फरक असतो. जी खाच सगळ्यात अरुंद असूनही बसते ती तुमची. मोठी खाच वापरलीत तर निपलचे कोपरे झिजून तो गोल होईल, मग कुठलाच पाना त्याला धरणार नाही. पकडीने निपल फिरवायच्या भानगडीत पडू नका. मी असे खाल्लेले निपल पाहिलेत, ते कापूनच काढावे लागतात.

शिलाई मशीनचं तेल. पातळ असतं, आट्यांत शिरतं.

खडू, आणि रिमच्या जवळ टोक करून बांधायला काहीतरी. मी आइस्क्रीमची काडी दोन रबरांनी चिमट्याला बांधते. ब्रेक रबर रिमच्या बाजूला घासणारे असतील तर तेच मोजपट्टीचं काम करतात, पण काडी रिमच्या अर्ध्या मिलिमीटरवर आणता येते, ब्रेक रबर तितकं जवळ आणणं कटकटीचं होतं.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. खाली जुनं पोतं टाका म्हणजे सीट खरवडणार नाही.

आधी खात्री करा

चाक डुलतंय म्हणजे स्पोकचाच दोष असेल असं नाही. रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. कट्-कट् असं ढिलं लागलं तर हबचे कोन (आतले छर्रे धरून ठेवणारे भाग) सुटलेत. आधी ते घट्ट करा, नाहीतर तुम्ही तारा आवळत बसाल आणि चाक हलतच राहील. एक्सलचे नट बघा. मग चाक फिरवा आणि टायरकडे नाही, रिमकडे बघा. टायर एका ठिकाणी रिममध्ये नीट बसला नसेल तर तोही डुलल्यासारखा दिसतो आणि पुष्कळ जण त्यावर विनाकारण तारा फिरवतात. रिमला चीर गेली आहे का, विशेषतः निपलच्या भोकांभोवती, ते बोट फिरवून बघा. चीर असेल तर रिम बदला, ती आवळून सुधारत नाही. सगळ्या तारा एकदा हाताने चाचपा, तुटलेली असेल तर हातात येईलच. मागच्या चाकाची फ्रीव्हील बाजूची तार बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं, त्याला वेगळं पुलर लागतं. ते काम दुकानात द्या.

मग प्रत्येक निपलला दोन थेंब तेल द्या. एक थेंब तार निपलमध्ये शिरते तिथे, दुसरा निपल रिममध्ये शिरतो तिथे. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूवर तेल गेलं तर लगेच कापडाने पुसा. १५ मिनिटं थांबा. गंजलेलं चाक असेल तर रात्रभर. २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात ज्यांच्या सायकली पाण्यात होत्या, त्यांच्या चाकांचे निपल असे जाम झाले की पाना घातला तर निपल जागचा हलायचा नाही, तारच पिळत जायची. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलचं चाक मी तीन रात्री तेलात ठेवलं. दोन निपल तरीही सुटले नाहीत, ते बदलावे लागले. घाई करून पिळलेली तार तिथेच संपते.

कुठल्या बाजूला फिरवायचं

इथे प्रत्येक नवखा माणूस चुकतो. निपल हा साधाच स्क्रू आहे, फक्त त्याचं डोकं रिमच्या आत, टायरच्या बाजूला असतं आणि आपण त्याला पाठीमागून धरतो. त्यामुळे दिशा उलटी वाटते. मी एकच नियम ठेवलाय. उलट्या सायकलच्या चाकाचा जो भाग सगळ्यात वर असतो, तिथेच पाना लावायचा आणि वरून खाली बघायचं. वरून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की घट्ट, उलटं फिरवलं की ढिलं. टायरमधून स्क्रूड्रायव्हर घातलाय अशी कल्पना करा म्हणजे गोंधळ होत नाही. काडी खाली चिमट्याशी बांधलेली असते, तिथे दोष दिसला की खडूने खूण करा, खूण फिरवून वर आणा आणि मग पाना लावा. खालच्या खालीच पाना लावायचा मोह होतो. तिथे दिशा उलटते आणि अर्धा तास केलेलं काम वाया जातं.

आता किती फिरवायचं. या तारांवर साधारणपणे एका इंचात ५६ आटे असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा तारेला ०.४५ मिलिमीटर ओढतो. ऐकायला थोडं वाटतं, पण पाव फेऱ्यात रिम दिसण्याइतकी हलते. म्हणून पाव फेरा हे आपलं माप. मोठ्या दोषाला अर्धा. पूर्ण फेरा फक्त अगदी लुळ्या पडलेल्या तारेला.

कान लावा

अजून काही फिरवू नका. चाक स्थिर धरा आणि एका बाजूच्या तारा ओळीने बोटाने छेडा. दोन तारा जिथे एकमेकींना टेकून ओलांडतात त्याच्या पुढे, रिमजवळ छेडा, कारण टेकलेल्या जागी आवाज दबतो. घट्ट तार ‘टिंग’ वाजते, ढिली ‘टंग’, आणि अगदी सुटलेली नुसती ‘थप्’. सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या तारेत ताण वाढला की स्वर चढतो. इथून ५० किलोमीटरवर मिरजेला तंबोरे करणारी घराणी आहेत, त्यांचं सगळं आयुष्य याच नियमावर चाललंय. आपल्याला सूर लावायचा नाही. शेजारचा आवाज आणि हा आवाज एक आहे की वेगळा, एवढंच ओळखायचं, आणि गाण्याचं अंग नसलेल्यालाही ते पाच मिनिटांत जमतं.

पुढच्या चाकात दोन्ही बाजूंचा आवाज सारखा असावा. गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हीलमुळे रिम हबच्या मधोमध नसते, म्हणून उजव्या तारा डाव्यांपेक्षा बऱ्याच घट्ट असतात आणि त्यांचा आवाज चढा येतो. तो दोष नाही. तिथे उजव्या बाजूच्या तारांची तुलना उजव्यांशीच करा, डाव्यांची डाव्यांशी. डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकात हेच उलट, तिथे डिस्कची बाजू, म्हणजे डावी, घट्ट असते.

जी तार वेगळी बोलते तिच्यावर खडूने खूण करा. ढिलीला एक रेघ, अति घट्टला दोन. बहुतेक वेळा आऊट जिथे दिसतो तिथेच या खुणा जमतात.

आऊट काढणं

रिममध्ये तारा आलटून-पालटून येतात, एक हबच्या डाव्या कडेवरून, पुढची उजव्या कडेवरून. डाव्या कडेची तार आवळली की रिम डावीकडे येते, उजव्या कडेची आवळली की उजवीकडे. म्हणून रिम डावीकडे आली असेल तर तिला उजवीकडे न्यायचे दोन मार्ग असतात. तिथल्या उजव्या तारा आवळणं किंवा तिथल्या डाव्या सोडणं. यातला कुठला, हे खडूच्या खुणा सांगतात. उजवी ढिली वाजत असेल तर ती आवळा आणि डावीला हात लावू नका. डावी अति चढी वाजत असेल तर ती सोडा, उजवीला हात लावू नका. दोन्ही ठीक वाजत असतील तर अर्धं-अर्धं करा, एकीला पाव फेरा आवळा, शेजारच्या दुसऱ्या कडेच्या तारेला पाव फेरा सोडा. त्या मिस्त्रींच्या ‘सोडलंस कुठं?’चा अर्थ हाच होता.

मागच्या महिन्यात शेजारची मुलगी तिची शाळेची सायकल घेऊन आली. ‘काकी, ब्रेक न लावताच घासतोय,’ म्हणाली. पुढचं चाक, २६ इंची, ३६ स्पोक. काडी बांधली, फिरवलं, तर व्हॉल्व्हपासून सात-आठ तारा पुढे रिम डावीकडे ४ मिलिमीटर आलेली होती आणि तो फुगवटा पाच तारांच्या लांबीत पसरला होता. छेडून बघितलं. त्या जागी दोन उजव्या तारा ‘थप्’ वाजल्या, तिसरी जरा खालच्या आवाजात. डाव्या ठीक. मी फक्त उजव्यांना हात लावला. मधल्या तारेला अर्धा फेरा, उरलेल्या दोघींना पाव-पाव. चाक फिरवलं, फुगवटा दीड मिलिमीटरवर आला. पुन्हा मधलीला पाव फेरा. आता ती शेजारणींसारखी वाजू लागली, तरी जेमतेम १ मिलिमीटर उरलंच. मग डाव्या बाजूच्या तारा पुन्हा छेडल्या, तेव्हा फुगवट्याच्या टोकाला असलेली एक बाकीच्यांपेक्षा किंचित चढी लागली. तिला पाव फेरा सोडलं. काडी आणि रिम यांच्यातली फट पूर्ण फेऱ्यात सारखी दिसू लागली. एकूण पाच वेळा पाना लावला, आणि आवळण्यापेक्षा ऐकण्यातच जास्त वेळ गेला.

एक छोटी सवय लावून घ्या. निपल फिरवताना तारही थोडी पिळते आणि सायकल चालवली की ती पीळ सोडून मागे येते, मग काढलेला आऊट परत दिसतो. म्हणून पाव फेरा हवा असेल तर पाव फेऱ्याच्या किंचित पुढे जा आणि तेवढंच मागे या. जुन्या, घट्ट बसलेल्या निपलवर हे हमखास करा.

किती सरळ झालं की पुरे? ब्रेक रबर रिमला घासणाऱ्या सायकलला पूर्ण फेऱ्यात अर्धा ते एक मिलिमीटर डोलणं चालतं. रोजच्या वापराच्या सायकलला त्याहून बारकाईच्या मागे लागू नका. शेवटचा अर्धा मिलिमीटर काढायच्या नादात ताण बिघडतो, हे मी स्वतः केलंय.

वर-खाली होणारं चाक

काडी आता रिमच्या बाजूला नको, आडवी धरून रिमच्या कडेखाली आणा आणि चाक फिरवा. फट एका ठिकाणी कमी-जास्त होत असेल तर रिम गोल राहिलेली नाही. जिथे रिम हबपासून लांब गेली असेल तिथल्या डाव्या-उजव्या तारा जोडीने, सारख्या मापाने आवळा. जोडीने नाही केलं तर बाजूचा आऊट परत उघडतो. जिथे रिम हबच्या दिशेने आत गेली असेल तिथल्या जोड्या सोडायच्या. पण खड्ड्यात आपटून रिमच्या कडेला चेपा पडला असेल तर तो तारांनी बाहेर येत नाही. तिथे तारा ढिल्या करत राहिलात तर त्या चार तारा लवकरच तुटतील. चेपा असलेली जागा थोडी खोलगट राहू द्या आणि ताण सांभाळा.

वडिलांच्या काळ्या सायकलवर हे काम मला बाजूच्या आऊटपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्या सायकलींना दांडीचे ब्रेक असतात आणि त्यांचे रबर रिमच्या बाजूला नाही, हबकडच्या आतल्या अंगाला दाबतात. चाक थोडं डुललं तरी ब्रेक घासत नाही, पण रिम वर-खाली झाली की प्रत्येक फेऱ्याला धक्का लागतो. या सायकलींच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० तारा असतात. मागे जास्त, कारण मागच्या कॅरिअरवर दुधाच्या किटल्या, पोती, माणसं सगळंच बसायचं. पुढचा स्पोक मागच्याला चालेल असं समजून खरेदी करू नका, लांबी वेगळी असते. जुना स्पोक सोबत घेऊन जा.

चाक मधोमध आहे का

आऊट निघाला, पण पूर्ण रिमच एका बाजूला सरकली असेल तर ती सरळ फिरूनही चिमट्याच्या मधे बसत नाही. तपासायला सोपी युक्ती आहे. चाक काढा, डावी-उजवी बाजू बदलून परत बसवा. रिम काडीपासून पहिल्याच अंतरावर आली तर ती मधोमध आहे. अंतर बदललं तर जितका फरक, त्याच्या निम्म्याने रिम सरकवायची आहे. मग पूर्ण चाकाच्या एका बाजूच्या सगळ्या तारा पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्या पाव फेरा सोडा. सुरुवात व्हॉल्व्हपासून करा आणि व्हॉल्व्हलाच थांबा, म्हणजे एखादी तार दोनदा फिरवली जाणार नाही किंवा राहून जाणार नाही. मागचं चाक असं उलटं बसवताना चेन बाजूला ठेवा.

ताण एकूण किती असावा

आजच्या दुहेरी भिंतीच्या ॲल्युमिनियम रिमवर फ्रीव्हीलच्या बाजूच्या एका तारेवर १०० ते १२० किलोच्या आसपास ओढ ठेवतात. पुढच्या चाकात ३६ तारा प्रत्येकी १०० किलोने ओढत असतील तर रिम साडेतीन टनांहून जास्त दाबली जात असते. म्हणूनच माझं ते चाक एका खड्ड्यात पापड झालं. घरी ताण मोजायचं यंत्र नसतं. त्याऐवजी चांगल्या स्थितीतल्या, त्याच मापाच्या सायकलच्या तारा छेडून बघा, दोन समांतर तारा मुठीत दाबून किती झुकतात ते बघा, आणि आपलं चाक त्याच्या जवळ आणा. निपल फिरवताना पाना निसटू लागला, तार करकरू लागली, किंवा पाव फेऱ्याने आऊट जाण्याऐवजी रिम पलीकडेच लाट घेऊ लागली, तर ताण खूप झालाय. सगळ्या तारा पाव-पाव फेरा सोडून परत मागे या. जुन्या स्टीलच्या किंवा एकेरी भिंतीच्या रिमवर मुळातच थोडा कमी ताण ठेवा.

आऊट निघाल्यावर एक काम उरतं आणि बरेच जण तेच सोडून देतात. समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही हातांनी पकडून जोरात दाबा, पूर्ण चाकाला फेरी होईपर्यंत. हातमोजे घाला, तारा बोटांत रुततात. दाबताना ‘टिक्, टिक्’ असे आवाज येतील, ते तारा आपापल्या जागी बसतायत आणि पीळ सोडतायत. मग चाक परत फिरवून बघा. थोडा आऊट परत दिसेल, तो पाव-पाव फेऱ्यात जातो. हे दाबणं तुम्ही घरी केलं नाही तर रस्ता करेल, आणि मग आऊट रस्त्यात दिसेल.

ज्या तारा एक-दोन फेऱ्यांहून जास्त आवळल्या असतील तिथे टायर-ट्यूब उतरवून रिमच्या आत बोट फिरवा. एकेरी भिंतीच्या रिममध्ये आवळलेल्या तारेचं टोक निपलच्या वर येतं आणि रबर पट्टी जुनी असेल तर आतून ट्यूबला टोचतं. टोक वर आलं असेल तर कानशीने सपाट करा. आऊट काढल्यावर दोन दिवसांत पंक्चर झालं अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

पहिली फेरी रंकाळ्याभोवती घाला. रस्ता सपाट, मधे काही बिनसलं तर चालत घरी येता येतं. सुरुवातीला एक-दोनदा ‘टिंग’ आवाज येईल, तो उरलेला पीळ आहे, घाबरू नका. पण आवाज प्रत्येक फेऱ्याला येत राहिला तर उतरा आणि तारा छेडा. घरी आलात की चाक परत काडीसमोर फिरवा. त्यानंतर २०-३० किलोमीटर झाल्यावर एकदा, आणि मग महिन्यातून एकदा, सायकल उलटी न करतासुद्धा, उभ्या उभ्याच तारांवरून बोट फिरवून आवाज ऐका. एक तार ‘थप्’ वाजली तर त्याच दिवशी पाव फेरा आवळा. शेजारच्या मुलीला मी एवढंच शिकवलंय. ती आता रोज शाळेत निघताना पुढच्या चाकावरून बोट फिरवते आणि मगच पॅडल मारते.